मोबाइलशी बुद्धिबळ : डाव खेळा, उत्तर मागू नका

सातवीतला मुलगा सुट्टीत घरी आला आहे. मोठ्या भावाचा मोबाइल हाती लागताच तो बुद्धिबळाचे ॲप उघडतो आणि संगणकाविरुद्धची सर्वांत सोपी पातळी निवडतो. पाचव्या चालीला त्याचा घोडा फुकट जातो. तो ‘चाल मागे घ्या’ हे बटण दाबतो आणि दुसरीकडे खेळतो. आता उंट जातो. पुन्हा चाल मागे. मग तो मदतीचे बटण दाबतो. योग्य चाल बाणाने दिसते, तो ती खेळतो. अर्ध्या तासाने पडद्यावर ‘तुम्ही जिंकलात’ अशी अक्षरे येतात. घरचे कौतुक करतात. पण त्या अर्ध्या तासात तो मुलगा नेमके काय शिकला?

असा मुलगा शहाद्यात असू शकतो, धडगावात असू शकतो आणि पुण्यातही असू शकतो. फरक एवढाच की पुण्यातल्या मुलासाठी मोबाइल हा अनेक वाटांपैकी एक आहे. त्याच्या आसपास शिकवणी आहे, शनिवार-रविवारच्या स्पर्धा आहेत, हरल्यावर ‘इथे घोडा का हलवलास?’ असे विचारणारे कोणीतरी आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. अक्कलकुवा आणि धडगाव या तालुक्यांतली कित्येक गावे सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेली; तिथून नाशिक गाठायचे तर अर्धा दिवस प्रवासात जातो. अशा ठिकाणी बुद्धिबळाची आवड लागलेल्या मुलापुढे बहुतेक वेळा एकच शिक्षक असतो, तो म्हणजे खिशातला मोबाइल.

म्हणूनच हा शिक्षक कसा आहे, त्याच्याकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हा प्रश्न शहरापेक्षा इथे जास्त महत्त्वाचा ठरतो. थोडक्यात सांगायचे तर संगणक हा उत्तम प्रतिस्पर्धी आहे, पण नवशिक्याने त्याला उत्तरे विचारायला सुरुवात केली की खेळ सुरू राहतो आणि शिकणे थांबते.

यंत्र आले कुठून?

संगणकाला बुद्धिबळ शिकवण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. इंग्लंडच्या ॲलन ट्युरिंग यांनी त्याआधीच बुद्धिबळ खेळण्याची एक कृती कागदावर मांडली होती. ती चालवू शकेल असा संगणकच हाताशी नव्हता, म्हणून १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच ‘संगणक’ झाले आणि प्रत्येक चालीचा हिशेब हाताने करत एका सहकाऱ्याशी एक डाव खेळले. तो डाव ते हरले. त्यानंतर ४५ वर्षांनी, मे १९९७ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ या महासंगणकाने तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव याला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले.

आज तेवढ्यासाठी महासंगणक लागत नाही. २००८ मध्ये सुरू झालेला ‘स्टॉकफिश’ हा प्रोग्रॅम कोणालाही फुकट मिळतो आणि साध्या मोबाइलवर चालूनही जगातल्या कोणत्याही माणसाला भारी पडतो. २०१० मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेले ‘लिचेस’ हे संकेतस्थळ पैसे घेत नाही, जाहिराती दाखवत नाही. त्याचे ॲप एकदा मोबाइलवर उतरवून घेतले की संगणकाविरुद्धचा डाव इंटरनेटशिवायही खेळता येतो, कारण हिशेब करणारा प्रोग्रॅम मोबाइलमध्येच असतो. रेंजसाठी टेकडी चढावी लागते अशा पाड्यावर ही गोष्ट लहान नाही. जगज्जेत्याला हरवण्याइतकी ताकद असलेला खेळाडू रेंज नसताना, फी न घेता, रात्री-अपरात्री समोर बसायला तयार आहे, हे २५ वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

या खेळाडूचे आणखी दोन गुण आहेत. तो कंटाळत नाही आणि हसत नाही. चाळिशीत पहिल्यांदा पट मांडणाऱ्या गृहिणीला किंवा निवृत्तीनंतर खेळ शिकू पाहणाऱ्या गुरुजींना नातवाकडून दहा वेळा मात खाण्याचा संकोच वाटतो. यंत्राकडून मात खाताना तो वाटत नाही. चार मुलांच्या घोळक्यात पुढे यायला लाजणारी मुलगी यंत्रासमोर मोकळेपणाने चुकू शकते. शिकण्याची सुरुवात भीती गेल्याशिवाय होत नाही, आणि ही भीती घालवण्याचे काम यंत्र चांगले करते.

मुद्दाम केलेल्या चुका

अडचण पुढे आहे. एवढा बलाढ्य खेळाडू नवशिक्यासमोर बसवायचा, तर त्याला कमजोर करावे लागते. ते दोन प्रकारे करतात. एक तर त्याला पुढच्या मोजक्याच चाली पाहू देतात. दुसरा प्रकार म्हणजे त्याने चांगली चाल शोधून काढायची, पण मधूनमधून ती बाजूला ठेवून मुद्दाम हलकी चाल खेळायची. यातून खेळाचे एक विचित्र रूप तयार होते. दहा चाली यंत्र पट्टीच्या खेळाडूसारखे खेळते आणि अकराव्या चालीला, काही कारण नसताना, वजीर तोंडात आणून देते.

माणूस असा चुकत नाही. नवशिक्या माणसाच्या चुकांना कारण असते. पटाच्या दुसऱ्या टोकाला तिरक्या रेषेत बसलेला उंट त्याच्या नजरेतून सुटतो. घोडा मागेही येऊ शकतो हे त्याच्या लक्षात राहत नाही. शह देता येतोय ना, मग द्या, अशी त्याला घाई असते. आपल्या बेताच्या नादात समोरच्याची चाल पाहायची राहून जाते. या चुका पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी होतात, म्हणून त्या ओळखता येतात आणि सुधारता येतात. समोरच्याच्या अशा चुका हेरणे हेच खरे बुद्धिबळ आहे. यंत्राची मुद्दाम केलेली चूक मात्र लॉटरीसारखी असते. तिच्याकडून नवशिक्या एकच गोष्ट शिकतो : वाट पाहा, काहीतरी फुकट मिळेल.

चार चालींची मात घ्या. वजीर आणि उंट मिळून काळ्या राजाच्या तिरक्या समोरच्या प्याद्यावर चालून जायचे. त्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाच आधार नसतो, त्यामुळे काळा गाफील राहिला तर चौथ्या चालीला मात होते. शिकल्यावर आठवडाभर प्रत्येक मूल हेच खेळते. सर्वांत खालच्या पातळीवरचे यंत्र कधी कधी त्याला फसते आणि मुलाला वाटते, डाव सापडला. पण शेजारच्या बाकावरचा मित्र एकदा फसला की दुसऱ्या दिवशी एक प्यादे पुढे करून वजिराला हाकलतो, मग त्याच वजिराला हुसकावत आपला घोडा बाहेर काढतो. वजीर पटभर पळत राहतो आणि मित्राची फौज मैदानात उतरलेली असते. ‘वजीर लवकर बाहेर काढू नये’ हा धडा मित्राने एका दिवसात दिला. यंत्राबरोबर तोच धडा महिनाभर लांबला असता, कारण खालच्या पातळीवरचे यंत्र कालचे लक्षात ठेवून आज शहाणे होत नाही.

यंत्र घडवणाऱ्यांनाही ही उणीव ठाऊक आहे. टोरांटो विद्यापीठ, कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘माया’ नावाचा प्रोग्रॅम मांडला. त्याला सर्वोत्तम चाल शोधायला शिकवलेले नाही. माणसांनी खेळलेले लाखो डाव दाखवून, या पातळीचा माणूस इथे कोणती चाल खेळेल हे ओळखायला शिकवले आहे. तो माणसासारखा चुकतो. लिचेसवर त्याच्याशी खेळताही येते, मात्र त्यासाठी इंटरनेट लागते. माणसासारखे चुकणारे यंत्र मुद्दाम बनवावे लागले, यावरून नवशिक्याला समोर माणूस असण्याची गरज किती आहे ते कळते.

डोक्यात काय घडते?

बुद्धिबळ शिकताना मेंदूत काय साठते, याचा अभ्यास फार जुना आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४६ मध्ये दाखवले की थोर खेळाडू सामान्य खेळाडूपेक्षा खूप जास्त चाली पुढे पाहतो, हा समज खरा नाही. त्याला चांगली चाल लवकर ‘दिसते’. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक साधा प्रयोग केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवायची आणि आठवून पुन्हा मांडायला सांगायची. निष्णात खेळाडूने सुमारे १६ सोंगट्या बरोबर मांडल्या, नवशिक्याने सुमारे चार. मग सोंगट्या पटावर कशाही विखुरल्या, तेव्हा निष्णाताची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती एरवी इतरांसारखीच होती. त्याच्याकडे साठा होता तो आकृत्यांचा : किल्लेकोट केलेला राजा, एकमेकांना धरून उभी असलेली प्यादी, एकाच रेषेत आलेले दोन हत्ती.

हा साठा नजर फिरवून तयार होत नाही. डोके चालवून, चुकून, पुन्हा शोधून तो तयार होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्योर्क यांनी शिकण्यातल्या ‘हव्याहव्याशा अडचणीं’ची कल्पना मांडली आहे. शिकताना थोडे अडखळले, उत्तर आठवायला कष्ट पडले, तर त्या वेळी प्रगती हळू वाटते. पण शिकलेले टिकते. उलट सगळे सहज जमते आहे असे वाटले, की ते लवकर विसरले जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधले सोडवलेले गणित वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा अनुभव असतो. वाचताना सारे समजते; सकाळी कोरा कागद पुढे आला की पहिली पायरीही सुचत नाही.

मोबाइलवरचे मदतीचे बटण म्हणजे असे उघडे गाईड आहे. बाण पाहून चाल खेळणाऱ्याला ‘हो, हेच माझ्याही मनात होते’ असे वाटते. तो भास असतो. चाल मागे घेण्याच्या बटणाचा तोटा आणखी खोल आहे. बुद्धिबळात चालीआधी थांबायला शिकायचे असते, कारण सोंगटी ठेवली की ती परत घेता येत नाही. बटण ती जबाबदारी काढून घेते. मग मूल आधी हात चालवते आणि नंतर डोके.

याचा मोठा दाखला भारतातच आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये डिंग लिरेनला हरवून वयाच्या १८व्या वर्षी जगज्जेता झालेला चेन्नईचा डी. गुकेश हा पूर्णपणे संगणकाच्या युगात वाढलेला मुलगा. पण त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीच्या वर्षांत त्याला संगणकाच्या विश्लेषणापासून मुद्दाम दूर ठेवले. त्याने स्वतःचा हिशेब स्वतः करावा, हा त्यामागचा विचार होता. गुकेश बारा वर्षे सात महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला, तो असा. सगळ्यांनी तसेच करावे असे नाही. पण ज्याच्या हाताशी प्रशिक्षक आणि यंत्र दोन्ही होते, त्याने आधी काय निवडले हे पाहण्यासारखे आहे.

‘आम्हाला निवड कुठे आहे?’ असा सवाल धडगावच्या पालकाने केला, तर तो रास्तच आहे. नाशिकचा विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. या दोघांच्याही मागे प्रशिक्षक होते, घरचे पाठबळ होते, परगावी-परदेशी स्पर्धांना जाण्याची सोय होती. ज्याच्याकडे यातले काही नाही त्याला मोबाइलही नाकारायचा का? मुळीच नाही. वाईट गुरू कोणीच नसण्यापेक्षा बरा, हे खरे आहे. पण बुद्धिबळाच्या इतिहासात प्रशिक्षक आणि यंत्र यांच्यापलीकडची एक तिसरी वाट आहे, आणि ती महाराष्ट्रातलीच आहे.

एका घरातल्या तीन बहिणी

भारतातल्या महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर हिने जिंकली. त्यानंतर जयश्री आणि रोहिणी या तिच्या बहिणींनी हे अजिंक्यपद कित्येक वर्षे घराबाहेर जाऊ दिले नाही. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. त्या काळी घरोघरी संगणक नव्हते. या मुलींकडे होता एक पट आणि आपल्याच बरोबरीचा, आपल्याला नीट ओळखणारा, हरल्यावर पुन्हा डाव मांडायला लावणारा प्रतिस्पर्धी. तो शेजारच्या खोलीत होता.

असा प्रतिस्पर्धी नंदुरबारमध्ये दुर्मीळ नाही. जिल्ह्यात निवासी आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत. संध्याकाळी एकाच छताखाली एका वयाची मुले-मुली असतात. शहरातल्या सोसायटीत राहणाऱ्या मुलाला जे मिळत नाही, ते इथे आहे. वाघ-बकरीसारखे खेळ जमिनीवर रेघा मारून, खडे मांडून खेळण्याची जुनी सवय महाराष्ट्रातल्या गावांना आहे. बुद्धिबळाचा गुंडाळता येणारा पट आणि प्लॅस्टिकच्या सोंगट्या काही शे रुपयांत येतात. एका मोबाइलच्या किमतीत एका शाळेला पुरतील एवढे पट येतात.

दोन मुले एका पटावर बसली की तिसरी गोष्ट आपोआप येते, ती म्हणजे बोलणे. यंत्र मुलाला सांगते, ‘+१.७’. म्हणजे पांढऱ्याचे पारडे साधारण पावणेदोन प्याद्यांइतके जड आहे. का जड आहे, हे ते सांगत नाही. आणि काही ॲप सांगू लागली आहेत ती बहुधा इंग्रजीत. शेजारी बसलेला मित्र मात्र म्हणतो, ‘तुझा उंट आपल्याच प्याद्यामागे अडकलाय.’ तो हे पावरीत म्हणेल, मावचीत म्हणेल, अहिराणीत किंवा गुजरातीतही म्हणेल. आपल्या चालीचे कारण शब्दांत सांगता आले की ते पक्के होते, हे शिक्षणशास्त्राला चांगले माहीत आहे. आणि कारण सर्वांत सहज सुचते ते घरच्या भाषेत. शब्दांचीही इथे मदत होते. बिशप आणि रूक यांचा मुलाच्या जगाशी काही संबंध नसतो. उंट, हत्ती, घोडा यांचा असतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार पाहिलेल्या मुलाला अडथळ्यावरून उडी मारणारा घोडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग यंत्राचे काय?

यंत्र नेमके कुठे वापरावे, याची शिस्त घालून घेतली तर त्याच्याइतका कामाचा सोबती नाही. ती शिस्त पाळायला सोपी आहे.

पहिली गोष्ट : डावात चाल मागे घ्यायची नाही, मदत मागायची नाही. शक्य असेल तर ही बटणे सेटिंगमधूनच बंद करावीत. वजीर गेला तर गेला; वजिराशिवाय पुढचा डाव कसा लांबवायचा हेही शिकण्यासारखे असते.

दुसरी : मोबाइलशेजारी खरा पट मांडावा. यंत्राची चाल पटावर करावी, विचार पटाकडे पाहून करावा आणि आपली चाल ठरल्यावरच पडद्याला बोट लावावे. वेग आपोआप कमी होतो. प्रत्येक चालीआधी तीन प्रश्न विचारावेत. समोरच्याने आता काय धमकी दिली? मला शह देता येतो का किंवा काही मारता येते का? माझी ही सोंगटी तिथे गेली तर तिला कोण मारू शकते? नवशिक्यांचे बहुतेक पराभव तिसरा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

तिसरी : पातळी अशी निवडावी की तीन डावांत साधारण एक जिंकता येईल. सारखे जिंकत असाल तर पातळी वाढवा. सलग आठ-दहा डाव हरत असाल तर एक पायरी खाली उतरा, त्यात कमीपणा नाही.

चौथी : डाव वहीत लिहावा. संपल्यावर लगेच यंत्राला विचारू नये. डाव कुठे बिघडला ते आधी स्वतः शोधावे आणि त्या चालीवर पेन्सिलने खूण करावी. मग यंत्राकडून तपासून घ्यावे. आपली खूण आणि यंत्राची खूण जुळली तर नजर तयार होते आहे असे समजावे. जुळली नाही तर आजचा धडा तिथे आहे. एका डावातून एकच धडा घ्यावा. यंत्र वीस चुका दाखवेल. नवशिक्याला त्यातल्या एकोणीस आज उपयोगाच्या नसतात.

पाचवी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. डावाच्या शेवटाचा सराव करताना यंत्र पूर्ण ताकदीने खेळवावे. पटावर फक्त आपला राजा, आपला हत्ती आणि समोरचा राजा मांडून मात करायला शिकावे. मित्र इथे लवकर चुकतो आणि शिकणाऱ्याला फुकटची मात मिळते. पूर्ण ताकदीचे यंत्र शेवटच्या घरापर्यंत निसटत राहते, त्यामुळे रीत पक्की जमल्याशिवाय मात होत नाही. वजीर हाती असताना घाईत समोरच्या राजाला शह नसताना चालच उरू न देणे आणि जिंकलेला डाव बरोबरीत घालवणे, ही नवशिक्याची नेहमीची चूकही याच सरावात सुटते. यंत्राचे बळ इथे शिकणाऱ्याच्या कामी येते.

डॉक्टरांच्या दृष्टीने आणखी एक पथ्य आहे. तीन-तीन मिनिटांचे झटपट डाव नवशिक्याने टाळावेत, रात्री तर नक्कीच. हरल्यावर ‘अजून एक’ आणि जिंकल्यावरही ‘अजून एक’, अशी त्यांची रचना असते. डोके तापते आणि झोप लांबते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप लागते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेत होते. झोप मोडून खेळलेले बुद्धिबळ म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. झोपण्याआधी तासभर मोबाइल बाजूला ठेवला की निम्मे काम होते.

खोटी आश्वासने नकोत

शाळांमध्ये बुद्धिबळ आणताना एक मोह टाळायला हवा. ‘बुद्धिबळ खेळा, गणितात गुण वाढतील’ असे सर्रास सांगितले जाते. इंग्लंडमध्ये एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने १०० शाळांतल्या चार हजारांहून अधिक मुलांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात बुद्धिबळ शिकलेल्या मुलांच्या गणितात वर्षभरानंतर इतरांपेक्षा काहीच फरक दिसला नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे, पण तिथेही जपून बोलावे लागते. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांच्या पाहणीत पटावरचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण खेळामुळे स्मृती टिकली की स्मृती चांगली असल्यामुळे माणसे खेळत राहिली, हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही.

मग बुद्धिबळ कशासाठी शिकायचे? तो चांगला खेळ आहे म्हणून. दोन माणसांना तासभर एकमेकांसमोर गप्प बसवणारा, हरल्यावर हात मिळवायला लावणारा, नशिबाला दोष देण्याची सोय न ठेवणारा खेळ आहे म्हणून. त्यासाठी गुणपत्रिकेचे आमिष लागत नाही. आमिष दाखवून आणलेला खेळ गुण वाढले नाहीत की बंदही होतो.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. नवे तंत्रज्ञान नंदुरबारला नेहमी उशिरा मिळते असे नाही. कधी ते सर्वांत आधीही येते. प्रश्न त्यापुढचा असतो : आलेल्या यंत्राने माणसाच्या हाती काय ठेवले? बुद्धिबळाचे ॲपही आता सगळीकडे पोहोचले आहे. ते मुलाच्या हाती विचार करण्याची सवय ठेवू शकते आणि विचार टाळण्याचे बटणही ठेवू शकते.

हे ठरवायला प्रशिक्षकाची वाट पाहावी लागत नाही. आश्रमशाळेच्या अधीक्षकांनी किंवा एखाद्या शिक्षकांनी चार पट आणावेत, जेवणानंतर तासभर ते व्हरांड्यात मांडू द्यावेत, प्रत्येकाला डाव लिहायला एक वही द्यावी. मोबाइल एकच असावा, शिक्षकांकडे. आठवड्यातून एकदा मुलांनी आपापल्या खुणा केलेले डाव घेऊन यावे आणि यंत्राला विचारावे. तेव्हा पडद्याभोवती जमलेली मुले उत्तर शोधत नसतील, ती आपले उत्तर पडताळून पाहत असतील. आणि यंत्राने दाखवलेल्या चालीवर त्यातले एखादे मूल म्हणेल, ‘पण का?’ त्या प्रश्नापासून खरे बुद्धिबळ सुरू होते.